चांगल्या बाजूला विचारा

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या सभागृहात एका सभासदाचं व्याख्यान ठेवलं होतं. त्यातलं हे एक. बोलणारे अर्थातच ब विंगमधले आपले ‘रेडिओवाले काका’. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे, म्हणून बोलीचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सचिवसाहेबांनी मला ‘वीजबचत’ हा विषय सुचवला होता. मी म्हणालो, साहेब, त्यावर बोलायला महावितरणचा माणूस बोलवा. मला ज्यातलं कळतं त्यावर बोलू द्या. मला बंद पडलेले रेडिओ, टेप आणि अॅम्प्लिफायर कळतात. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत आठ बाय दहाच्या दुकानात पस्तीस वर्षं तेवढंच केलं. दुकान बंद केलं, पण मीटर आणि सोल्डरिंग आयर्न घरी आणलंय. आमच्या सौभाग्यवतींना विचारा, बाल्कनीत कुंड्या किती आणि कंडेन्सर किती.

तर आज स्टीरिओ रिसीव्हर. तुम्ही म्हणाल, ही काय नवीन भानगड? नवीन नाही, जुनीच आहे, आणि तुमच्या माळ्यावर आहे. गेल्या आठवड्यात मी जिन्यात, लिफ्टपाशी सहज विचारत गेलो तर आपल्या तीन विंगांत मिळून नऊ सेट निघाले. त्यातले दोन भंगारवाल्याच्या गाड्यावर चढायच्या बेतात होते. एकाने तर मला सांगितलं, “काका, परवा लावून बघितला, फट् झालं आणि धूर निघाला.” त्या धुरासाठी आजचा विषय घेतला. तो धूर निघायची काही गरज नव्हती.

आधी ओळख करून देतो, लेकरांसाठी. रिसीव्हर म्हणजे एका पेटीत तीन यंत्रं. रेडिओचं स्टेशन पकडणारा ट्यूनर, आवाज निवडून त्याचा जाडपणा-बारीकपणा ठरवणारा मधला भाग, आणि स्पीकर हलवणारा पॉवर अॅम्प्लिफायर. स्टीरिओ म्हणजे यातला शेवटचा सगळा मामला डावा आणि उजवा असा दोनदा. ही ‘दोनदा’ची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

आपल्याकडे घराघरांत होते ते मर्फी, फिलिप्स, बुश. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, आणि तोंडाशी बोट धरलेलं त्यांचं ते गुटगुटीत बाळ कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेलं असेल. ते सगळे एका आवाजाचे. जगात स्टीरिओच्या रेकॉर्डी १९५८ साली बाजारात आल्या, अमेरिकेत एफएमवर स्टीरिओ १९६१ला सुरू झालं. बीडला स्टीरिओ आला तो सुटकेसमधून. परदेशी माल उघडपणे मिळत नव्हता. जो सौदीला, कुवेतला, दुबईला कामाला गेला, तो दोन-तीन वर्षांनी येताना घोंगडीत गुंडाळून एक जपानी पेटी आणायचा. पुढून चकचकीत अॅल्युमिनियमची पट्टी, हिरवट-निळसर उजेडाची डायल, आणि वजन असं की रिक्षावाला जादा पैसे मागायचा.

आणि गंमत बघा. त्या डायलवर अर्धी पट्टी एफएमची असायची, आणि आपल्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता. भारतात एफएमचं पहिलं प्रक्षेपण १९७७ साली मद्रासला झालं. आपल्याकडे त्या पट्टीवर नुसती शूऽऽ. मग लोक मिडियम वेव्हवर परभणी, औरंगाबाद, रात्री पुणे-मुंबई ऐकायचे, नाहीतर कॅसेटचा डेक जोडायचे. पुढे बीडला आकाशवाणीचं एफएम केंद्र झालं, पण तोवर हे सेट माळ्यावर गेले होते. त्यामुळे आज असा सेट उघडला की एफएमचा भाग बहुतेक वेळा कोरा करकरीत असतो. चाळीस वर्षं जुना, पण चालवलेलाच नाही.

आता मुद्द्याचं. सेट माळ्यावरून काढला की पहिली गोष्ट काय करायची? प्लगला लावायचा नाही. दुसरी गोष्ट, तरीही लावायचा नाही. मागची बाजू बघायची. तिथे व्होल्टेज निवडायची एक चकती किंवा छोटा प्लग असतो. ११०, १२०, २२०, २४० असे आकडे असतात. सौदीत त्या काळी बऱ्याच भागांत घरात ११० किंवा १२७ व्होल्टची लाइन होती. तिथे वापरलेला सेट इथे तसाच लावला तर ११०ची सोय केलेल्या ट्रान्सफॉर्मरला २३० मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांनी पाठवलेल्या सेटना तर ही चकतीच नसते, ते फक्त १२०चे. त्यांना कमी व्होल्टेज देणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. ज्यांचा फट् झाला त्यांचा सेट मी नंतर बघितला. चकती ११०वरच होती.

२२० आणि २४० दोन्ही असतील तर मी २४० घेतो. आपल्याकडे भर दुपारी पंखे लडबडतात इतकं व्होल्टेज उतरतं आणि रात्री दोनला २५०च्या वर जातं. सेटला उतरलेल्या व्होल्टेजचा त्रास नाही, चढलेल्याचा आहे.

मग झाकण काढायचं, प्लग हातात दिसेल असा बाहेर ठेवून. आधी नाक, मग डोळे, मग मीटर. जळकट वास येतो का, उंदराने आत घर केलंय का, कंडेन्सरची टोपी फुगलीय का, त्याच्या बुडाशी ओलसर डाग आहे का. जपानी सेटमध्ये मोठे भाग जागेवर राहावेत म्हणून पिवळा गोंद लावायचे. तो गोंद वर्षानुवर्षं उष्णतेने तपकिरी होतो, आणि तपकिरी झाला की वीज वाहून न्यायला लागतो, वर जवळच्या तारेचे पाय खातो. तो दिसला की खरवडून काढायचा. आणि फ्यूज बघायचा. कागदावर दोन अँपिअर लिहिलेलं असतं आणि आत काय सापडतं? तांब्याची जाड तार. मला सिगारेटच्या पाकिटातली चांदीसुद्धा मिळालीय. ज्याने कुणी ते केलं त्याला त्या दिवशी गाणं ऐकायची घाई होती, एवढंच म्हणतो.

माळा म्हणजे स्लॅबच्या खाली एक फूट. आपल्याकडे मे महिन्यात तिथे काय भट्टी असते ते सांगायला नको. मोठ्या कंडेन्सरमध्ये ओलं रसायन असतं आणि उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला हिशेब आहे. म्हणजे सेट न वापरताही म्हातारा होतो. ठेवायचाच असेल तर पलंगाखाली ठेवा, माळ्यावर नको.

यानंतर सिरीज बोर्ड. इथे बसलेल्या इलेक्ट्रिशियन मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. एका लाकडी फळीवर बल्बचा होल्डर आणि सॉकेट, असे जोडलेले की सॉकेटला मिळणारी वीज बल्बमधूनच यावी. बल्ब जुना, तारेचा पिवळा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी चालत नाही, लेकरांनो, तो इथे काहीच सांगत नाही. सेट या सॉकेटला लावला आणि बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला तर सेट बरा आहे. बल्ब पूर्ण पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पण धूर नाही, फट् नाही, कारण सेटच्या वाटची वीज बल्ब खातो. थोडक्या पैशांच्या सामानात महागाची वस्तू वाचते. आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटला बल्बमधून दोन-तीन तास मंद वीज दिली की कंडेन्सरही हळूहळू जागे होतात. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवत नाहीत, तसं.

एक सावधगिरी. सेट बंद करून प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये ३५-४० व्होल्ट तसेच बसलेले असतात. काही लोक पेचकसने ठिणगी पाडून ते रिकामे करतात. तसं करू नका. १०० ओहमचा पाच वॅटचा रजिस्टन्स दोन टोकांना काही सेकंद धरायचा, चिमट्याने, बोटाने नाही, आणि मग मीटरने खात्री करायची. आणि ज्या सेटमध्ये व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे आतमध्ये काचेच्या नळ्या दिसतात, त्याला घरी कुणी हातच लावू नये. त्यात शेकड्यांनी व्होल्ट असतात. काही जुन्या रेडिओंना ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यांची पत्र्याची चासी थेट लाइनला जोडलेली असते. हे मी भीती घालायला सांगत नाहीये. असे झटके बसलेले दोन कारागीर मी ओळखत होतो, त्यातला एकच राहिला.

आता एक खरी केस सांगतो. क विंगमधल्या चाचींचा सेट. त्यांना विचारूनच सांगतोय, त्या तिथे तिसऱ्या रांगेत बसल्यात. चाचांनी तो जेद्दाहून आणला होता, १९८३ साली. कंपनीचं नाव सांगत नाही, चांगली कंपनी होती. चाचा गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा म्हणाला, अम्मी, काढून टाकू, जागा अडलीय. चाची माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, विकायचा तर विकू. पण एकदा बोलता करून द्या. त्यांच्या कॅसेटी आहेत.”

त्या काळी सौदीहून फोन करणं परवडायचं नाही. पत्र लिहायचा कंटाळा, काहींना लिहिता यायचं नाही. मग माणसं कॅसेटवर बोलून ती गावी येणाऱ्याच्या हाती पाठवायची. घरचेही उलट भरून पाठवायचे. चाचींकडे अशा सात कॅसेटी होत्या, आणि त्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं होतं की त्या याच सेटवर वाजायच्या. कॅसेट तर कुठल्याही टेपवर वाजली असती. मी तसं बोललोही. पण चाचींना टेपरेकॉर्डर नको होता.

सेट बघितला. चकती बरोबर होती, फ्यूजमध्ये जाड तार. सिरीज बोर्डला लावला, बल्ब पूर्ण पेटला आणि पेटलेलाच राहिला. चौकशी केली तर कळलं, अठरा-वीस वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात पोरांनी एका बाजूला एकाच वेळी चार स्पीकर जोडले होते. स्पीकर जितके जास्त एकाशेजारी एक जोडाल तितका सेटवर भार जास्त. आठ ओहमचे चार जोडले की दोन ओहम होतात. ढोल वाजला आणि डावी बाजू बसली. मग कुणीतरी फ्यूजमध्ये तार घातली, पुन्हा लावला, आणि जे जळायचं राहिलं होतं तेही जळालं.

इथून पुढचं नीट ऐका, मला हेच सांगायचंय. सेटचा नकाशा माझ्याकडे नव्हता. छापील सर्व्हिस मॅन्युअल बीडला कुठून मिळणार? पण स्टीरिओ सेट आपला नकाशा पोटातच घेऊन येतो. डावी आणि उजवी बाजू जुळी असतात. तेच भाग, त्याच किमती, पट्टीवर बहुधा आरशातल्यासारखी मांडणी. एक आजारी पडली की दुसरीला विचारायचं. दोन्ही बाजू एकदम जाणं क्वचित होतं, आणि तसं झालं तर दोष बहुधा दोघींच्या सामाईक भागात असतो, म्हणजे वीज पुरवणाऱ्या विभागात.

डाव्या अॅम्प्लिफायरला जाणाऱ्या विजेच्या तारा सोडवल्या. बल्ब मंद झाला. म्हणजे शॉर्ट तिथेच. नुसता बंद सेट, मीटर ओहमवर. उजवीकडचा मोठा ट्रान्झिस्टर मोजला, डावीकडचा मोजला. उजवीकडे कुठलेही दोन पाय जोडले तरी पूर्ण शॉर्ट नाही. डावीकडे शून्याला शून्य. जोडीतले दोन्ही गेले होते. त्यांच्या पायाशी अर्ध्या ओहमचा जाड रजिस्टन्स असतो, तो तडकला होता. आणि मागे एक छोटा रजिस्टन्स असा जळाला होता की रंगाचे पट्टेच राहिले नव्हते. नकाशा नसलेला माणूस इथे अडकतो. मी उजवीकडचा त्याचा भाऊ बघितला: पिवळा, जांभळा, तपकिरी. ४७०. संपला प्रश्न.

म्हणून माझा एक नियम होता, दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी तो रोज सांगायचो. आजारी बाजू बरी होईपर्यंत चांगल्या बाजूला सोल्डर लावायचं नाही. बऱ्याच हुशार कारागिरांना घाई असते, उघडलाच आहे तर दोन्ही बाजूंचे सगळे कंडेन्सर बदलून टाकू म्हणतात. मग चुकीचा भाग पडला की विचारायचं कुणाला? घरात भांडण झालं तर निदान एक जण शांत राहावा लागतो, तसं आहे ते.

ट्रान्झिस्टर आणायला मात्र दमलो. ते जपानी नंबर बनायचे कधीच बंद झाले. बाजारात त्याच नंबराचे मिळतात, वर छापही असतो, पण आतून नकली. वजनाला हलके, आणि झाकण फोडलं तर आतली चकती तिळाएवढी. लॅमिंग्टन रोडला भाच्याला पाठवलं, त्याने दोन ठिकाणचे आणले, एका ठिकाणचे फेकून द्यावे लागले. शेवटी तेवढ्याच ताकदीचे, आजही बनणारे दुसऱ्या नंबराचे बसवले. खाली अभ्रकाचा पापुद्रा आणि पांढरी पेस्ट न चुकता. तो पापुद्रा फाटला तर सगळी मेहनत पहिल्या सेकंदाला गेली.

जोडून पुन्हा सिरीज बोर्ड. बल्ब लकाकला आणि मंद झाला. मग स्पीकर न लावता बाहेर येणारं डीसी मोजलं. चांगल्या सेटमध्ये ते शून्याच्या आसपास, ५० मिलिव्होल्टच्या आत असावं. तिथे ३० व्होल्ट आले तर स्पीकरची कॉइल क्षणात जळते. चाचींच्या सेटला डावीकडे १८ आले, उजवीकडे २२. आणि मग तीन-चार सेकंदांनी आतून ‘टक्’ आवाज आला. तो रिलेचा. हा रिले सेटचा वॉचमन असतो. आत सगळं ठीक आहे असं दिसलं तरच तो स्पीकरचा दरवाजा उघडतो. तुमच्या सेटमध्ये दिवे लागतात पण ‘टक्’ होत नसेल, तर वॉचमनला दोष देऊ नका आणि त्याला बायपास तर अजिबात करू नका. तो कुणालातरी अडवतोय.

मग राहिली ती चाल जुळवणी. ट्रान्झिस्टरमधून काही न वाजवतानाही थोडा प्रवाह चालू ठेवावा लागतो, नाहीतर बारीक आवाज खरबरीत होतो. तो किती? पुन्हा उजवीला विचारलं. त्या अर्ध्या ओहमवर उजवीकडे ११ मिलिव्होल्ट होते. डावीकडचा छोटा स्क्रू फिरवून ११ केले, अर्धा तास गरम होऊ दिला, पुन्हा बघितले.

इथे थोडं विषय सोडून बोलतो. १९८९च्या जुलैमध्ये बिंदुसरेला पूर आला तो इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. माणसं गेली, घरं गेली. त्यानंतरच्या महिन्यात दुकानात चिखलाने भरलेले रेडिओ येत होते. आणणारी माणसं काही बोलायची नाहीत, नुसता काउंटरवर ठेवायची. तेव्हा कळलं की भिजलेला सेट जेवढा लवकर चालू कराल तेवढा लवकर मरतो. चिखल वाळू द्यायचा नाही, लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचा, हो, पाण्यानेच, आणि मग आठ-आठ, दहा-दहा दिवस उन्हात. ट्रान्सफॉर्मरच्या आतला ओलावा सगळ्यात शेवटी जातो. ज्यांनी थांबायची तयारी दाखवली त्यांचे बरेच सेट वाचले. आपल्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं तेव्हा इन्व्हर्टरवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं.

चाचींच्या सेटवर परत येतो. आवाज दोन्हीकडून आला, पण बटण फिरवलं की खर्रऽ खर्रऽ. हे तर प्रत्येक जुन्या सेटचं. व्हॉल्यूमच्या आतली काजळी. त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो, आत दोन थेंब आणि वीस वेळा इकडून तिकडे. रॉकेल नको, खोबरेल तर नकोच. खोबरेल तेलाने पंधरा दिवस छान चालतं आणि मग धूळ बसून चिखल होतो. एकीकडचा आवाज हळू असताना गायब आणि मोठा केला की येतो, असं होत असेल तर रिलेचे किंवा स्पीकर स्विचचे टोक काळे पडलेत असं समजा.

घूं आवाज येत असेल तर त्याचा सूर ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची. जाड, खालच्या सुरातला घूं म्हणजे ५०, तो बाहेरून येतो: जोडतार खराब, रेकॉर्ड प्लेअरची अर्थ निघालेली. त्याच्याच वरच्या सप्तकातला, जरा माशीसारखा घूं म्हणजे १००, तो सेटच्या आतला, मोठे कंडेन्सर वाळलेत. पेटी-तबला वाजवणाऱ्यांना हा फरक मीटरशिवाय कळतो. आपल्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या अण्णांनी माझ्यासमोर ओळखून दाखवलाय.

आणि ज्यांना वाटतं आपला सेट मेलाय, त्यांनी मला बोलावण्याआधी दोन गोष्टी बघा. पुढे ‘टेप मॉनिटर’ असं एक बटण असतं. ते दाबलेलं असेल आणि डेक जोडलेला नसेल, तर सेट पूर्ण गप्प बसतो. मागे काही सेटना दोन छोट्या वाकलेल्या पितळी पिना असतात, पहिल्या अर्ध्या भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या. साफसफाईत त्या निघून कचऱ्यात जातात. या दोन कारणांसाठी माझ्याकडे किती सेट आले असतील! एक जण तर औरंगाबादला दोन ठिकाणी दाखवून आले होते. मी बटण बाहेर काढलं आणि चहा पाजला. पैसे काय घेणार?

डेकचा पट्टा वितळून डांबर झाला होता, तो नवीन घातला. सातपैकी तीन कॅसेटींमधली फेल्टची छोटी गादी गळाली होती, फीत दुसऱ्या रिकाम्या कॅसेटीत चढवली. मग चाची, त्यांचा मुलगा, सूनबाई, सगळे बसले. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोललेलं असेल. चाचा पहिली दहा मिनिटं हिशेब सांगत होते. कुणाच्या हाती किती रियाल पाठवले, दुकानदाराचे किती द्यायचे, भावाला किती, आणि पत्र्याच्या खोलीवर स्लॅब टाकायचा तर गवंड्याला आगाऊ देऊ नका. चाची मान डोलावत होत्या आणि मुलाला म्हणाल्या, “गवंड्याला आगाऊ दिलेच होते.” सेट अजून विकलेला नाही.

(व्याख्यानानंतर सभासदांनी प्रश्न विचारले. त्यातले काही:)

प्रश्न: सेटच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात. धोका आहे का?

थोड्या मुंग्या ट्रान्सफॉर्मरच्या गळतीने येऊ शकतात, प्लग उलटा करून लावला की कधी कमी होतात. पण एकदा मीटरने तपासूनच घ्या. आणि यातला काही भाग आपल्या सोसायटीचाही आहे. मीटर रूमच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळशाचा. आपल्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, मग अर्थिंग कमजोर होतं. मार्च ते जून त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायला पाहिजे. मागची तीन वर्षं कुणी टाकलं असेल तर हात वर करा. संचालक मंडळाने वहीत लिहून घ्यावं.

प्रश्न: बीड केंद्र नीट लागत नाही, खरखर येते.

मागे अँटेना लावलीय का? एफएमला नुसता सेट पुरत नाही. चपटी दोन तारांची पट्टी मिळते, तिचा इंग्रजी टी अक्षरासारखा आकार करायचा, आडवी बाजू दीड मीटरच्या आसपास. भिंतीवर आडवी चिकटवा आणि आवाज स्वच्छ होईल अशा दिशेला फिरवा. स्टील कपाटाच्या मागे लावू नका.

प्रश्न: मोबाइल जोडता येईल का?

येईल की. मोबाइलच्या कानाच्या पिनेपासून लाल-पांढऱ्या दोन पिनांची तार घ्या, चांगली, वीस रुपयांची नको. ज्या मोबाइलला ते भोकच नाही त्यांच्यासाठी ब्लूटूथची छोटी डबी मिळते. मागे ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ लिहिलेल्या जागी लावा. ‘फोनो’ लिहिलेल्या जागी लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी आहे, सुईचा आवाज काही मिलिव्होल्टचाच असतो म्हणून सेट तिथे त्याला शेकडो पटींनी वाढवतो आणि त्याचा जाडपणाही बदलतो. मोबाइल तिथे लावला की फाटका, कर्कश आवाज येतो आणि लोक म्हणतात सेट खराब आहे.

प्रश्न: काका, आमचाही बघाल का? काय घ्याल?

रविवारी सकाळी दहा ते बारा, सोसायटी ऑफिसच्या व्हरांड्यात. सिरीज बोर्ड मी तिथे भिंतीला कायमचा लावून ठेवणार आहे, सचिवसाहेबांनी परवानगी दिलीय. सामानाचे पैसे तुमचे, मजुरी नाही. दोन पोरं शिकायला आली तर आणखी बरं, माझे डोळे आता बारीक सोल्डरला साथ देत नाहीत. सेट आणताना त्याचे दोन्ही स्पीकर आणि मागच्या सगळ्या तारा बरोबर आणा, आणि घरी एकदा लावून बघून आणू नका.